मुंबईची उंची आणि मुंबईची शिरगणती

नगरांचा इतिहास लिहिताना राजवटी, तह, लढाया आणि थोर पुरुष यांच्याकडे जितके लक्ष दिले जाते, तितके नगरवासीयांच्या डोक्यावरील छपराकडे दिले जात नाही. वस्तुतः कोणत्या काळी किती माणसे किती जागेत राहिली, त्यांना ती जागा कोणत्या भावाने मिळाली आणि ती त्यांच्याकडून केव्हा गेली, ह्या प्रश्नांतच नगराचे खरे चरित्र सामावलेले असते. ह्या दृष्टीने मुंबईच्या एका विलक्षण विसंगतीकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विषयाकडे आम्ही वळलो ते एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे. आमच्या इंदूरच्या शाळेत भूगोलाच्या तासाला परळ-वरळीकडील गगनचुंबी इमारतींचे चित्र पाहून आठवीतील एका मुलाने विचारले, “सर, एवढी उंच घरे झाली, तर तिथली माणसे किती वाढली असतील?” “पुष्कळच वाढली,” असे उत्तर आम्ही बेधडक देऊन टाकले. त्या सायंकाळी सहज जनगणनेचे आकडे उघडून बसलो, आणि आपण वर्गात चुकीचे सांगितले, हे ध्यानात आले. शिक्षकाने चुकीचे उत्तर दिले असेल तर ते त्याने दुरुस्त करावे. ती दुरुस्ती विस्ताराने येथे करीत आहोत.

मुंबईची आधुनिक वाढ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुरू होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी आगगाडी धावली. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची उभारणी हाती घेतली आणि दोन वर्षांनी ताडदेवला ती चालू झाली. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला सोन्याचा भाव आला आणि नगरीत माणसांचा लोंढा लोटला. १८६४ च्या गणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. युद्ध संपताच तेजीचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या, आणि १८७२ च्या गणतीत हाच आकडा ६,४४,४०५ वर उतरला. नगरीची लोकसंख्या घरांच्या संख्येपेक्षा पोटाच्या सोयीवर अधिक अवलंबून असते, हा धडा मुंबईने इतक्या आरंभीच दिला होता.

गिरण्या वाढल्या तसा कोकणातून आणि घाटावरून कामकरी वर्ग येऊ लागला. त्याच्यासाठी चाळी उठल्या. चाळ म्हणजे लांबलचक सज्जा, त्यावर उघडणाऱ्या ओळीने खोल्या, टोकाला सामाईक मोरी आणि शौचकूप. तीन-चार मजल्यांपलीकडे ह्या चाळी सहसा गेल्या नाहीत, कारण पाण्याची कळशी घेऊन माणसाचे पाय जेथवर चढतील, तेथवरच इमारतीची उंची. परंतु त्या मर्यादित उंचीत माणसे किती मावली! एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे, आणि जेथे एकटे पुरुष राहत तेथे पाळीपाळीने झोपणारे आठ-दहा जण, हे चित्र सर्वसामान्य होते. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकटला आणि ह्या दाटीची भयंकर किंमत नगरीला मोजावी लागली. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ झाली.

प्लेगने सरकारला जाग आणली. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यात आले आणि दादर-माटुंग्याकडे नवी आखीव वसाहत सुरू झाली. १९२० मध्ये डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघाले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळी ‘बी. डी. डी. चाळी’ ह्या नावाने प्रसिद्ध आहेत. प्रत्येक मजल्यावर १६० चौरस फुटांच्या खोल्या, आणि इमारतीची उंची तळमजला धरून चार मजले. सरकारने बांधले तेही इतकेच, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

ह्या ठेंगण्या नगरीने पुढील अर्धशतकात जो भार वाहिला त्याला तोड नाही. १९११ मध्ये ९,७९,४४५ असलेली लोकसंख्या १९५१ मध्ये २३ लाखांच्या वर गेली. महायुद्ध आणि फाळणी ह्या दोहोंची त्यात मोठी भर होती. १९५० आणि १९५७ मध्ये हद्द वाढवून पश्चिमेस दहिसर आणि पूर्वेस मुलुंडपर्यंतची उपनगरे महापालिकेत घेण्यात आली. मूळ बेट म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा भाग. ह्या एकट्या भागात १९७१ मध्ये ३०,७०,३७८ माणसे राहत होती. ज्या मुंबईने तीस लाख माणसे पोटात घेतली, ती बहुतांशी चार-पाच मजल्यांची मुंबई होती.

आता उंचीकडे वळू. १९६० नंतरच्या काही वर्षांत कारमायकेल रोडवर ‘उषाकिरण’ ही पंचवीस मजल्यांच्या घरातील इमारत उभी राहिली, तेव्हा लोक ती पाहावयास जात. समुद्रात भर घालून केलेल्या नरिमन पॉइंटवर १९७० नंतर कचेऱ्यांचे मनोरे उठले. एअर इंडियाची इमारत त्यांपैकीच. ह्याच सुमारास ‘चटईक्षेत्र निर्देशांक’ हा नवा शब्द नगराच्या कारभारात आला. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे ठरविणारे ते माप. १९९१ च्या नियमांत बेटापुरते ते सामान्यतः १.३३ होते. दुसरीकडे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी गोठलेली होती. भाडेकरूला त्या कायद्याने आधार दिला हे खरे. परंतु डागडुजी करण्यात मालकाला रस उरला नाही, हेही तितकेच खरे. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर बसविण्यात आला, तेव्हा बेटावरील अशा इमारती साडेएकोणीस हजारांहून अधिक भरल्या. चाळी खचत होत्या आणि त्यांच्याखालच्या जमिनीचा भाव चढत होता.

मग १९८२ चे साल उजाडले. १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्या उन्हाळ्यात आम्ही लालबागला आजोळी गेलो होतो. वय बारा वर्षांचे. मामा एका गिरणीत साचेखात्यात होते. एरवी पाळीला जाणारे मामा दिवसभर सज्ज्यात बसलेले पाहून आम्हा मुलांना आनंदच वाटला होता! मामी खाणावळीचे डबे करीत. समोरच्या धुरांड्यातून धूर निघत नसे आणि भोंगा वाजत नसे. त्या शांततेचा अर्थ पुढे कैक वर्षांनी कळला. संप रीतसर मिटलाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा धड चालू झाल्या नाहीत, आणि ज्या झाल्या त्यांनी हजारोंना परत घेतले नाही.

गिरण्यांखालची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या नियमांत तिच्या विकासाची वाटणी स्थूलमानाने तीन भागांत होती: एक मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकासाठी. १९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने ह्या जमिनीचा एकत्रित आराखडा सुचविला. परंतु २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी सर्व जमिनीला न लागता केवळ मूळच्या रिकाम्या जागेला लागू झाली. प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा निर्णय जमीनमालकांच्या विरुद्ध गेला, तो सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. त्यानंतर लोअर परळ आणि वरळीचे आकाश झपाट्याने भरले. श्रीनिवास मिलच्या जागेवरील एक निवासी मनोरा २८० मीटर उंचीचा आहे. धुरांडी ज्याच्या गुडघ्यालाही लागणार नाहीत, असे हे बांधकाम!

आणि लोकसंख्या? बेटावर २००१ मध्ये ती ३३,३८,०३१ होती आणि २०११ मध्ये ३०,८५,४११. म्हणजे मनोरे उठत असलेल्या ह्या दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी झाली. अधिक मागे जाऊन १९७१ शी ताडून पाहिले तर चाळीस वर्षांतील निव्वळ वाढ अवघी १५,०३३ भरते. ह्याच काळात उपनगरांची वस्ती सुमारे एकोणतीस लाखांवरून ९३,५६,९६२ झाली, म्हणजे तिपटीहून अधिक. २०२१ ची जनगणना झाली नाही, त्यामुळे आपल्या हाती असलेले शेवटचे माप हेच.

ह्याची कारणे अनेक आहेत आणि सारा दोष मनोऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. कुटुंबे लहान झाली. जुन्या घरांच्या कचेऱ्या आणि गोदामे झाली. गिरणी गेली तशी तिच्या आधाराने राहणारी माणसे गेली. परंतु एक साधा हिशेब विसरता येत नाही. चार मजली चाळीत ८० खोल्या आणि खोलीमागे पाच माणसे धरली तर ४०० होतात. तेवढ्याच भूखंडावर चाळीस मजली इमारतीत मजल्यास एकच प्रशस्त घर असेल आणि घरात चार माणसे, तर १६०. खालचे काही मजले मोटारींसाठी आणि काही घरे केवळ गुंतवणूक म्हणून कुलूपबंद ठेवली, तर त्याहूनही कमी. उंची दहापट झाली तरी माणसे अर्ध्याहून कमी, हा चमत्कार असा घडतो.

मुंबईच ह्यात एकटी नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर १९१० मध्ये २३,३१,५४२ लोक राहत होते, आणि त्यांतील बहुतेक पाच-सहा मजल्यांच्या कोंदट भाड्याच्या घरांत. १९३१ मध्ये तेथे एम्पायर स्टेट इमारत पुरी झाली. त्याच्या आदल्या वर्षीची लोकसंख्या १८,६७,३१२ होती, आणि १९८० मध्ये ती १४,२८,२८५ वर आली. उलट हाँगकाँगमध्ये १९५३ च्या नाताळात शेक किप मेई येथील झोपड्यांची वस्ती जळाली, तेव्हा निर्वासितांसाठी सरकारने बहुमजली घरे बांधण्यास आरंभ केला. आज तेथील जवळजवळ निम्मी जनता सार्वजनिक गृहयोजनांतील उंच इमारतींत राहते. तेव्हा उंची ही स्वतः चांगली नाही की वाईट नाही. जिना कोणासाठी बांधला, ह्यावर सारे ठरते.

मुंबईतही ह्याचे एक उदाहरण घडत आहे. वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ रहिवाशांना तेथेच ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० फुटांत तीन पिढ्या काढलेल्या कुटुंबांना ती किल्ली हातात घेताना काय वाटले असेल, हे आकड्यांत सांगता येणार नाही. हा देखभालीचा खर्च त्यांना पुढे झेपला पाहिजे, हा प्रश्न मात्र उरतो.

आमच्या इंदूरलाही हे सारे परके नाही. येथील हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली, आणि कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागण्यास २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. मधल्या बत्तीस वर्षांत कित्येक हक्कदार निघून गेले. आता आमच्याही नगरात उंच इमारतींचे आराखडे रंगू लागले आहेत. मुंबईचा इतिहास वाचावयाचा तो अशा वेळीच.

मामांनी लालबागची खोली १९९० च्या सुमारास सोडली आणि ते डोंबिवलीस गेले. २०११ च्या गणतीत त्यांचे घराणे मुंबईत मोजले गेले नाही, ठाणे जिल्ह्यात मोजले गेले. बेटावरून वजा झालेली माणसे नाहीशी झालेली नसतात. ती पहाटेच्या लोकलने परत त्याच बेटावर कामाला येतात आणि रात्री निघून जातात. त्या विद्यार्थ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गात उभे करून सांगितले, “कालचे माझे उत्तर चुकले. घरे उंच झाली, माणसे दूर गेली.” त्याने वहीत तसे लिहून घेतले आणि विचारले, “मग ती घरे कोणासाठी बांधली, सर?” ह्या प्रश्नाचे उत्तर भूगोलाच्या पुस्तकात नाही. ते ज्या त्या नगराने आपल्या नागरिकांना द्यावयाचे आहे.