पुण्यातला परदेशी पगार

‘ग्लोबल हेल्थ’मध्ये जायचं म्हणणारी पुण्यातली मुलं एमपीएच या पदवीची फी, जिनिव्हातली इंटर्नशिप आणि व्हिसाचा हिशोब मांडतात. त्या हिशोबात डॉ. आंबेडकर रस्ता नसतो. या पेशाचं पुण्यातलं मूळ मात्र तिथे सापडतं. आनंदीबाई जोशींपासून सुरुवात करायचा मोह होतो, पण त्या परदेशी गेल्या त्या शिकायला, नोकरीला नव्हे. परदेशी संस्थेची नोकरी पुण्यात चालून आली ती १९५२ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मिळून विषाणू संशोधन केंद्र काढलं तेव्हा. १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापाने फणफणली. इथली पथकं तिकडे गोचीड वेचत हिंडली आणि नवा विषाणू हाती लागला. १९७० मध्ये रॉकफेलरने हात काढून घेतला. परिषदेने खर्च उचलला, म्हणून आजची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था, डॉ. आंबेडकर रस्त्यावर उभी आहे.

या पेशाची पुण्यातली दुसरी शाखा केईएम रुग्णालयाची. डॉ. बानू कोयाजींनी दवाखाना वढूपर्यंत नेला, गावातलीच माणसं आरोग्यसेवक म्हणून तयार केली. २००२ पासून त्या परिसरातल्या २२ गावांत जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघर नोंद होऊ लागली आणि ती आकडेवारी आफ्रिका-आशियातल्या अशाच केंद्रांच्या पंगतीत जाऊन बसली. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ मध्ये सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. वजनाने कमी, पण चरबीने त्या मानाने जास्त अशी बाळं त्यात दिसली, आणि मधुमेहाचा विचार जगभर गर्भापासून करण्याला जोर आला. या सगळ्याच्या मुळाशी भर उन्हात दारोदार फिरून माहिती टिपणारी माणसं आहेत. त्यांच्या कामाला ‘ग्लोबल करिअर’ कुणी म्हणत नाही, मी म्हणेन.

तिसरी शाखा लशींची. पुण्यातली सीरम इन्स्टिट्यूट म्हटलं की कोविड आठवतो. आफ्रिकेसाठी स्वस्तात बनवलेली, २०१० मध्ये बुर्किना फासोपासून टोचायला सुरुवात झालेली त्यांची मेनिंजायटिसची लस फारशी कुणाच्या लक्षात नाही.

अशा नोकऱ्यांच्या पत्रात ‘प्रोजेक्ट असेपर्यंत’ ही अट बहुधा असतेच. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली, तेव्हा त्या मदतीवर चालणारं, तृतीयपंथीयांसाठीचं पुण्यातलं ‘मित्र’ क्लिनिक हैदराबाद आणि कल्याणच्या क्लिनिकांसकट बंद पडलं. हैदराबादचं पुढे टाटा ट्रस्ट्सच्या मदतीने ‘सबरंग’ या नावाने पुन्हा सुरू झालं.