शह, मात आणि चेक

सुशिक्षित मराठी घरांत 'चेक' हा शब्द वरचेवर कानीं पडतो. बँकेंत भरावयाचा तो चेक, शिंप्याकडे टाकलेलें चौकड्यांचें कापड तेंही चेकचें, आणि हिशेब बरोबर आहे कीं नाहीं हें पाहावयाचें तेंही 'चेक' करून. इंग्रजी जाणणारा यांत आणखी भर घालील. बुद्धिबळांत राजावर मारा झाला कीं तो चेक, कोणाच्या मनमानीला आळा बसला कीं तोही चेक. अमेरिकेंत तर उपाहारगृहाच्या बिलालाही हेंच नांव आहे. इतके निरनिराळे अर्थ पाहून, हे मुळांत वेगळे शब्द असून केवळ उच्चारसाम्यानें एकत्र आले असावेत, अशी शंका येणें साहजिक आहे. मध्य युरोपांतील चेक लोकांचें नांव खरोखरच तसें आहे. त्याचा या कुळाशीं कांहीं संबंध नाहीं. बाकीचे सारे अर्थ मात्र एकाच मुळापासून फुटले आहेत, आणि तें मूळ इराणांत आहे.

तो मूळ शब्द म्हणजे 'शाह', अर्थात् राजा. बुद्धिबळाचा खेळ भारतांत 'चतुरंग' या नांवानें जन्मला, तेथून तो इराणांत गेला, आणि अरबांनीं इराण जिंकल्यावर 'शतरंज' होऊन त्यांच्याबरोबर स्पेनपर्यंत पोंचला. राजा माऱ्यांत सांपडला कीं इराणी खेळाडू प्रतिस्पर्ध्यास सावध करण्यासाठीं 'शाह' म्हणे. सुटकेला वाट उरली नाहीं कीं 'शाह मात', म्हणजे राजा निरुपाय झाला. अरबींत 'मात' म्हणजे 'मेला' असल्यामुळें 'राजा मेला' असाही अर्थ पुष्कळदां सांगितला जातो. परंतु पटावर राजा कधींच मारला जात नाहीं हें ध्यानांत घेतां फारसी अर्थच अधिक ग्राह्य वाटतो. मराठीनेंही हे दोन्ही शब्द घेतले. शत्रूला शह देणें, संकटावर मात करणें, हें सारें पटावरचेंच बोलणें आहे. शिवाय 'शाह' तरी अगदीं परका कोठें आहे? ज्या प्राचीन धातूपासून तो निघाला, त्याचेंच भावंड संस्कृत 'क्षत्र' शब्दांत आहे.

जुन्या फ्रेंच भाषेंत 'शाह'चा 'एस्चेक' झाला. इंग्रजांनीं आद्य स्वर गाळून त्याचा 'चेक' केला. त्याच शब्दाच्या अनेकवचनापासून 'चेस' हें खेळाचें नांव आलें. म्हणजे त्या नांवाचा मूळ अर्थ 'राजे' एवढाच. शह बसला कीं खेळाडूला हातांतील बेत सोडून राजाला वांचवावें लागतें, म्हणून अटकाव, लगाम हे अर्थ आले. पटाच्या घरांवरून चौकड्यांचें कापड आलें. येथपर्यंतची वाट सरळ आहे. बँकेचा चेक मात्र राजाच्या खजिन्याला वळसा घालून आला.

इंग्लंडांत बाराव्या शतकांत परगण्यांचे शेरीफ ठराविक वेळीं राजाच्या महसुलाचा हिशेब देण्यास येत. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानें ११७७ च्या सुमारास लिहिण्यास घेतलेल्या लॅटिन संवादांत त्या कचेरीचें वर्णन आहे. दहा फूट लांब व पांच फूट रुंद असें एक टेबल. कांठ चार बोटें उंच. वर रेघा आंखलेलें काळें कापड. रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, विसा, शेकडे, सहस्र अशा क्रमानें सोंगट्या मांडावयाच्या. रोमन आंकड्यांनीं बेरीज-वजाबाकी करणें हें मोठें जिकिरीचें काम. स्थानमूल्याची भारतीय पद्धत त्या कचेरीस ठाऊक नव्हती, तेव्हां तिचें काम हे रकाने करीत. निरक्षर शेरीफालाही आपल्याकडे बाकी किती हें डोळ्यांनीं दिसे. पटासारख्या दिसणाऱ्या या टेबलावरून कचेरीचें नांवच 'एक्स्चेकर' पडलें. फिट्झनील म्हणतो कीं पटावर जशी दोन राजांची, तशी येथें खजिनदाराची व शेरीफाची झुंज चालते. ब्रिटनचा अर्थमंत्री अजूनही 'चान्सेलर ऑफ दि एक्स्चेकर'च म्हणवितो.

सतराव्या शतकांत लंडनचे नागरिक आपला पैसा सोनारांकडे ठेवीत आणि 'अमक्यास इतके पौंड द्यावे' अशी चिठ्ठी त्यांच्यावर लिहीत. हाच चेकचा पूर्वज. सोनार तोच पैसा राजाच्या एक्स्चेकरला व्याजानें देत. १६७२ च्या जानेवारींत दुसऱ्या चार्ल्स राजानें, डच लोकांशीं युद्ध करावयाचें म्हणून, खजिन्यांतून ही देणीं देणें एकाएकीं थांबविलें. कित्येक सोनार बसले, आणि विधवांच्या व व्यापाऱ्यांच्या ठेवीही त्यांत अडकल्या. ज्या कचेरीचें नांवच शहावरून पडलें होतें, तेथें राजाला शह देणारा मात्र त्या दिवशीं कोणी नव्हता.

पुढें अठराव्या शतकांत बँकेच्या छापील चिठ्ठीचा जो भाग मागें राहतो त्यास 'चेक' म्हणूं लागले, कारण त्यानें खोट्या चिठ्ठ्यांना आळा बसे. लौकरच नांव चिठ्ठीलाच लागलें. ब्रिटिशांनीं एक्स्चेकरच्या धर्तीवर तिचें स्पेलिंग बदललें. अमेरिकनांनीं जुनेंच ठेविलें. भारतांत १८८१ च्या कायद्यानें चेकची व्याख्या केली, आणि मराठी राज्यकारभारानें त्यास 'धनादेश' हें नांव दिलें. तें नांव अर्थानें चोख आहे. लोकांच्या तोंडीं चेकच बसला.

राजाला शह बसावयाचा तो इंग्लंडांत १६८९ मध्यें बसला. पार्लमेंटच्या संमतीवांचून राजानें पैसा उभारूं नये, असें त्या वर्षीच्या कायद्यानें ठरलें. १७८७ मध्यें फिलाडेल्फियास जमलेल्या अमेरिकन पुढाऱ्यांना तर राजाच नको होता. अध्यक्ष, विधिमंडळ व न्यायालय यांनीं परस्परांवर ठेवावयाच्या अटकावास इंग्रजींत 'चेक' हेंच नांव रूढ झालें. त्या शब्दांत तेथें कोणास 'शाह' ऐकूं आला असेल असें वाटत नाहीं.