ओंडक्यावर मांडलेले गणित

ई = एमसी वर्ग हे सूत्र आपल्या मुलांना तोंडपाठ असते. वस्तुमानाला प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले की ऊर्जा येते, एवढे सांगून ती मोकळी होतात. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. त्याचा वर्ग एवढा प्रचंड की एक ग्रॅम वस्तुमानाची ऊर्जा अडीच कोटी युनिट विजेइतकी भरते! आइन्स्टाइनने हे १९०५ साली मांडले. त्या गणिताचा एक मोठा पडताळा पुढे एका निर्वासित स्त्रीने घेतला, ती हकिकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

लीझ माइट्नर १८७८ साली व्हिएन्नात एका वकिलाच्या घरी जन्मल्या. मुलींची शाळा तेथे चौदाव्या वर्षी संपे. १८९७ साली विद्यापीठाचे दार स्त्रियांना उघडले. पण प्रवेश परीक्षेची तयारी कोण करून घेणार? वडिलांनी आधी फ्रेंच शिक्षिकेची परीक्षा द्यायला लावली (पोटापाण्याची काळजी सगळीकडच्या बापांना सारखीच!) आणि मग खाजगी शिकवणी लावून दिली. आठ वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत उरकून त्या १९०१ साली उत्तीर्ण झाल्या. पुढे बर्लिनला रसायनसंस्थेत स्त्रियांना मज्जाव होता, म्हणून तळघरातल्या सुतारखोलीत बिनपगारी संशोधन केले. १९०९ साली साल्झबर्गला त्यांनी आइन्स्टाइनचे व्याख्यान ऐकले. वस्तुमान व ऊर्जा यांचे नाते त्यात उलगडले होते.

जन्माने ज्यू असल्यामुळे जुलै १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडून पळावे लागले. डिसेंबरात त्या स्वीडनमध्ये असताना जुने सहकारी ऑटो हान यांचे पत्र आले. युरेनियमवर न्यूट्रॉन सोडले, तर बेरियम मिळतो, हे कसे? बेरियमचा अणू तर जेमतेम अर्ध्याहून थोडा अधिक वजनाचा! कुंगेल्व्ह गावी भाचे ऑटो फ्रिश यांच्यासह बर्फात फिरताना त्या एका ओंडक्यावर बसल्या व कागदाच्या चिटोऱ्यांवर हिशेब मांडू लागल्या. अणुकेंद्र दुभंगले, तर दोन्ही तुकडे एकमेकांना सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने दूर लोटतील. ही ऊर्जा आली कोठून? तुकड्यांचे एकूण वस्तुमान प्रोटॉनच्या एक-पंचमांशाने कमी भरत होते. ते प्रकाशवेगाच्या वर्गाने गुणले. उत्तर तेच, २० कोटी.

१९४३ साली अणुबाँबच्या कामासाठी बोलावणे आले, ते त्यांनी साफ नाकारले. या शोधाचे १९४४ सालचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले.