हायगेन्सकृत आघातप्रकरणाचा कालनिर्णय

ग्रंथाचा मुद्रणकाल तोच रचनाकाल मानल्यास कसा घोटाळा होतो, याचें पदार्थविज्ञानांतील एक उदाहरण संशोधकांपुढें ठेवितों. स्थितिस्थापक पदार्थांच्या आघातावरील क्रिस्तिआन हायगेन्स या डच गणित्याचा लॅटिन ग्रंथ त्याच्या निधनानंतर ८ वर्षांनीं, १७०३ सालीं, छापला गेला. परंतु त्यांतील मुख्य सिद्धांत त्यानें १६५६ सालींच लिहून ठेविले होते.

पूर्वपक्ष देकार्तचा. १६४४ सालीं त्यानें आघाताचे ७ नियम प्रसिद्ध केले. पैकीं चौथा असा कीं, स्थिर पदार्थ मोठा असल्यास लहान पदार्थ कितीहि वेगानें आदळला तरी त्यास हलवूं शकत नाहीं. हायगेन्सनें याचें खंडन होडीच्या दृष्टांतानें केलें. होडींतील मनुष्य दोन गोळ्यांचा आघात घडवितो व तीरावरील मनुष्य तोच पाहातो. दोघांस वेग निराळे दिसले तरी नियम एकच असला पाहिजे. शिवाय, समोरासमोर येणाऱ्या गोळ्यांचे वेग वजनांच्या व्यस्त प्रमाणांत असतील, तर प्रत्येक गोळा आपल्याच वेगानें मागें फिरतो, हें त्यानें सिद्ध केलें.

आतां १ शेराचा गोळा ४ वेगानें ३ शेरांच्या स्थिर गोळ्यावर आदळला असें समजूं. होडी त्याच दिशेस १ वेगानें चालवावी. होडींतून लहान गोळा ३ वेगानें जातांना व मोठा १ वेगानें समोरून येतांना दिसेल. व्यस्त प्रमाण जुळलें; म्हणून दोघे त्याच वेगांनीं परततील. होडीचा वेग हिशेबांत घेतल्यावर तीरावरून लहान २ वेगानें मागें व मोठा २ वेगानें पुढें जातांना दिसतो. ताळा असा: वजन व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज आधीं १६, नंतर ४ व १२ मिळून १६च. देकार्तच्या मतें मात्र मोठा गोळा हलावयासच नको होता.

१६६८ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें हा विषय चर्चेस घेतला. जानेवारी १६६९ च्या तिच्या नियतकालिकांत वॉलिस व रेन यांचेच लेख छापले, हायगेन्सचा वगळला. वॉलिसचा विचार अस्थितिस्थापक पदार्थांचा होता. रेनचा नियम हायगेन्सशीं जुळतो. हायगेन्सनें मार्चमध्यें आपले नियम पॅरिसला छापविले, तेव्हां एप्रिलमध्यें सोसायटीनेंहि ते प्रसिद्ध केले. इंग्लंडांत तेव्हां वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणून तेथील कागदांत जानेवारी १६६८ आढळल्यास तो आपला १६६९ समजावा.

सारांश, मुद्रणक्रमानें मागें पडलेला हायगेन्स लेखनक्रमानें पहिला ठरतो. त्याचे कागद मृत्युपत्रान्वयें लायडन विद्यापीठाकडे गेले व तेथें जतन झाले, म्हणूनच हा निर्णय करितां येतो.