लाख तांदळांचा हिशेब

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपट्यानंतर आमच्या जित्याला थांबते. पुढे हमरापूर, मग पेण, कासू, नागोठणे आणि शेवटी रोहा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडीची खारी जमीन आणि मधे हा रूळ. या छोट्याशा पट्ट्याबद्दल एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, म्हणून आज ती मुद्दाम सांगतो.

रॅमन मॅगसेसे पुरस्कार 1958 साली सुरू झाला. पहिल्याच वर्षी ‘समाजनेतृत्वा’साठीचा पुरस्कार मिळाला विनोबा भावे यांना. त्यांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 चा, आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. पुढे 1996 साली याच समाजनेतृत्वासाठी तो पुरस्कार पांडुरंगशास्त्री आठवले यांना मिळाला. ते जन्माने रोह्याचे. एवढ्या लहान टापूतून समाजनेतृत्वाचे दोन मानकरी निघावेत, हे काही कमी नाही.

हल्ली नेतृत्व शिकवणारी शिबिरं गावोगाव भरतात. दोन दिवसांत व्यासपीठावर कसं उभं राहायचं, हात कसे हलवायचे, समोरच्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, ते सांगतात. त्याला माझी हरकत नाही. पण मला कुतूहल आहे ते आधीच्या काळाचं. मागे चालणारा एकही माणूस नव्हता, तेव्हा ही माणसं रोज सकाळी उठून काय करत होती?

गागोद्याच्या घरात विन्याला पहिले धडे मिळाले ते आईकडून. आई रखमाबाई फार शिकलेल्या नव्हत्या. फणस पिकला की त्याचे गरे आधी शेजारीपाजारी पोचवायचे आणि मगच घरच्यांनी खायचे, असा त्यांचा दंडक. वाटायला मुलांनीच जायचं. आपल्या वाट्याच्या गोड वस्तूपासून आधी हात सोडवायचा, हे त्या मुलाला वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी अंगवळणी पडलं. याच हातांनी पुढे जमीनदारांसमोर ओंजळ पसरली, हे ध्यानात घ्या.

दुसरा प्रसंग मला जास्त मोलाचा वाटतो. आईने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा संकल्प केला होता. रोज बसून एकेक दाणा मोजायच्या. वडील नरहरराव रसायनशास्त्रातले, हिशेबी गृहस्थ. ते म्हणाले, तोळाभर तांदूळ मोज, त्यावरून लाखाचं वजन काढ आणि चुकीला वाव म्हणून थोडे वर टाक. बिनतोड युक्तिवाद! आईला उत्तर सुचेना. तिने विन्याला विचारलं. विन्या म्हणाला, हा गणिताचा प्रश्नच नाही. दाण्यागणिक मन देवाकडे जातं, म्हणून मोजायचं. आईचं मोजणं चालूच राहिलं.

तोलणं वेगळं आणि मोजणं वेगळं, हे त्या घरात कुणी व्याख्यान देऊन शिकवलं नाही.

1916 साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला उतरून काशीला गेला आणि तिथून 7 जून 1916 रोजी अहमदाबादेच्या कोचरब आश्रमात गांधीजींसमोर उभा राहिला. पुढच्याच वर्षी त्याने आश्रमातून वर्षभराची रजा मागितली. रजा कशासाठी, तर वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रांचा अभ्यास करण्यासाठी आणि प्रकृती सुधारण्यासाठी. त्या वर्षात त्याने गीतेचे वर्ग चालवले, महाराष्ट्रात पायी हिंडला, मित्रांसह जात्यावर दळणं दळून त्या मजुरीतून वाचनालयासाठी पैसा उभा केला. या सगळ्याचा तपशीलवार जमाखर्च त्याने फेब्रुवारी 1918 मध्ये गांधीजींना पत्राने कळवला. किती चाललो, काय शिकलो, काय खाल्लं, कोणती व्रतं पाळली. आणि वर्ष संपलं त्या ठरल्या दिवशी तो आश्रमात हजर झाला. रजा संपल्याच्या दिवशी परत येणारा माणूस आपल्या कचेऱ्यांतून किती वेळा दिसतो, ते तुम्हीच आठवून पाहा.

8 एप्रिल 1921 ला विनोबा वर्ध्याला आले. तिथून पोचमपल्लीपर्यंत तीस वर्षं जातात. आपण त्यांचं चरित्र सांगताना ही तीस वर्षं दोन वाक्यांत उरकतो. मला वाटतं, सगळं काही त्याच तीस वर्षांत आहे. सूत कातणं, विणणं, शिकवणं, दळणं, शौचालयं साफ करणं. नालवाडीला असताना कातण्याच्या मजुरीत भागेल एवढ्यावरच जगून पाहण्याचा प्रयोग. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात 21 फेब्रुवारीपासून दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचनं. साने गुरुजींनी ती उतरून घेतली म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. मला यात विनोबांच्या विद्वत्तेइतकंच त्या ‘दर रविवारी’चं अप्रूप वाटतं. तुरुंगातसुद्धा वार चुकला नाही.

1938 साली प्रकृती अगदी खालावली. वजन फार घटलं. थंड हवेच्या ठिकाणी जा, असा सल्ला मिळाला. ते गेले सहा मैलांवरच्या पवनारला, धाम नदीच्या काठी. तिथे त्यांनी शेत खणायला घेतलं. पहिल्या दिवशी फक्त पाच मिनिटं. मग रोज थोडी थोडी वाढ. व्यायामाचा उत्साह आपल्याला पहिल्या दिवशी तास-दीड तास पुरतो आणि तिसऱ्या दिवशी अंग दुखतं म्हणून सुटतो. हा माणूस उलट्या टोकाने सुरू करतो. काही महिन्यांत वजन भरून आलं. त्या खणण्यातच पुढे भरत-रामाच्या भेटीची कोरीव मूर्ती हाती लागली. ती पवनारच्या आश्रमात आहे.

1940 च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रहासाठी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांची निवड केली. दुसरे जवाहरलाल नेहरू. देशाने विचारलं, हे विनोबा कोण? गांधीजींना लेख लिहून त्यांची ओळख करून द्यावी लागली. चोवीस वर्षं आश्रमात राबलेल्या माणसाची ही प्रसिद्धी!

नाव झाल्यावर माणूस बदलतो म्हणतात. 1946 मध्ये, तुरुंगवाऱ्या आणि कीर्ती दोन्ही पदरी असताना, विनोबा खांद्यावर फावडं टाकून पवनारहून तीन-एक मैलांवरच्या सुरगावला रोज मैलासफाईसाठी जाऊ लागले. एकदा पावसाळ्यात ओढ्याला पूर आला. पलीकडे जाता येईना. त्यांनी पलीकडच्या काठावरच्या माणसाला ओरडून सांगितलं, देवळात जाऊन देवाला सांग, गावचा भंगी येऊन गेला. काम झालं नाही तरी हजेरी लागली पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

मग 18 एप्रिल 1951. तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी ऐंशी एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या गृहस्थाने उभं राहून शंभर एकर देऊ केली. हा चमत्कार होता, असं लिहितात. असेलही. पण तिथवर विनोबा चालत गेले होते, आणि ते चालणं त्यांना नवं नव्हतं. पुढची तेरा वर्षं, 1964 पर्यंत, ते चालत राहिले. पहाटे अंधारात निघायचं, उजाडता उजाडता पुढचं गाव गाठायचं, संध्याकाळी प्रार्थनासभा. ऊन, पाऊस, ताप काहीही असो.

इथे थोडं अवघड बोलायला हवं. भूदानात चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन मिळाली, पण तिच्यातली पुष्कळ नापीक, वादातली किंवा कागदावरच राहिलेली होती. चळवळीने 1957 पर्यंत पाच कोटी एकरांचं लक्ष्य धरलं होतं. मला राहून राहून वाटतं, लाख तांदळांचा विसर पडला तो इथे. एका गावातली एक एकर जमीन एका भूमिहीनाच्या नावावर चढून ती नांगराखाली येईपर्यंत तिथे थांबणं, म्हणजे दाणा मोजणं. पाच कोटी म्हणजे तोळ्यावरून लाखाचं वजन काढणं. विनोबांची सवय त्यांच्या अंगी होती. मागून येणाऱ्या हजारोंच्या अंगी ती कुठून येणार? दानपत्रं घेऊन यात्रा पुढे सरकत राहिली.

व्रताला दुसराही धोका असतो. 25 डिसेंबर 1974 पासून विनोबांचं वर्षभराचं मौन होतं. मधेच आणीबाणी आली. देशाला त्यांच्या शब्दाची गरज होती, आणि त्यांनी कागदावर लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे दोनच शब्द सरकारने भिंतीभिंतींवर लावले. मौन सुटल्यावर त्यांनी शासन वेगळं आणि आचार्यांचं अनुशासन वेगळं, असा खुलासा केला. तोवर उशीर झाला होता. नेम पाळताना नेम बाजूला कधी ठेवायचा, हे कळणंही नेत्याच्याच कामाचा भाग आहे. त्या वर्षी विनोबांना ते साधलं नाही, असं माझं मत आहे.

आता गाडी रोह्याला नेऊ. रोहेकर चिंतामणराव देशमुखांनाही आपलेच मानतात. जन्म नात्याचा, महाडजवळचा, विनोबांहून चार महिन्यांनी लहान. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर 1956 मध्ये मंत्रिपद सोडलं. मॅगसेसे पुरस्कार त्यांनाही मिळाला, 1959 मध्ये, पण सरकारी सेवेसाठी. आकड्यांच्या गराड्यातही त्यांनी संस्कृत सुटू दिलं नाही, मेघदूत मराठीत आणलं. त्यांच्यावर स्वतंत्र भाषण व्हायला हवं.

पांडुरंगशास्त्री 1942 पासून मुंबईच्या माधवबागेतल्या, वडिलांनी स्थापलेल्या पाठशाळेत गीतेवर बोलत होते. 1958 मध्ये त्यांच्या श्रोत्यांपैकी मोजके लोक सौराष्ट्रातल्या खेड्यांत गेले. भक्तिफेरी ती हीच. नियम साधे. स्वतःच्या खर्चाने जायचं, शिदोरी आपली न्यायची, गावाकडून काही घ्यायचं नाही, आणि पुन्हा पुन्हा जायचं. पुढे योगेश्वर कृषी आली. सामाईक शेतावर प्रत्येकाने वर्षातले काही दिवस पाळीपाळीने राबायचं. किनाऱ्यावर मत्स्यगंधा नावाच्या बोटी आल्या, त्यांवरही खलाशी पाळीने जायचे. इथे नेत्याची सवय साध्या माणसाच्या पंचांगात बसवली होती. वर्षातले चार-सहा दिवस कुणालाही जमतात. विनोबांसारखं तेरा वर्षं चालणं जमत नाही.

आमच्याकडे हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी सगळ्यांत जाणत्या कारागिराकडे असते. तो पोराला लगेच मूर्तीवर हात ठेवू देत नाही. आधी माती मळ, मग साचा पूस, मग रंग ढवळ. कारखाना त्याच्या माघारी चालतो का, यावरून त्याचं जाणतेपण ठरतं.

विनोबांच्या पवनारच्या अखेरच्या वर्षांतलं एक दृश्य भेटायला जाणाऱ्यांनी सांगितलेलं आहे. भेटीला थोरामोठ्यांची रीघ असायची, पुढारी, मंत्री, परदेशी पाहुणे. आणि हे वृद्ध गृहस्थ आश्रमाच्या आवारात वाकून काडी उचलत, सुकलेलं पान उचलत. एवढा वेळ यात का घालवता, असं लोक विचारत. एकेक काडी उचलताना जपमाळेचा एकेक मणी ओढावा तसं नाम घेतो, असं त्यांचं सांगणं होतं.