अकबरपूरचा उतार : नर्मदेवरील एका जुन्या वाटेचा इतिहास

दक्षिण आणि हिंदुस्थान यांची सीमा म्हणून नर्मदेचा उल्लेख इतिहासग्रंथांत वारंवार येतो. परंतु ही सीमा नेमकी कोठे व कोणत्या ऋतूत ओलांडता येत होती, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महेश्वर आणि धरमपुरी यांच्या दरम्यानचा अकबरपूरचा उतार त्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. बऱ्हाणपूर-असीरगडाकडून मांडू व उज्जैनकडे जाणाऱ्या फौजा येथून पार होत.

औरंगजेब बऱ्हाणपुराहून निघून ३ एप्रिल १६५८ रोजी येथे नर्मदा उतरला. उज्जैनला असलेल्या जसवंतसिंहास त्याची वार्ता उशिरा मिळाली, कारण नर्मदेच्या उतारांवर औरंगजेबाने कडक पहारा बसविला होता. फौज पलीकडे नेण्याइतकेच महत्त्व बातमी पलीकडे जाऊ न देण्याला होते. पुढे अवघ्या बारा दिवसांनी, १५ एप्रिलला, धर्मतची लढाई झाली. तिच्या वर्णनांत तोफा आणि राजपुतांचे शौर्य विस्ताराने येते. उतारावरील पहारा मात्र ओझरता उल्लेखिला जातो. प्रस्तुत लेखकास ही उपेक्षा अनाठायी वाटते.

मराठ्यांपैकी कृष्णाजी सावंत १६९९ मध्ये नर्मदेपलीकडे गेला. १७२० च्या मे महिन्यात निजामुल्मुल्क माळव्यातून याच उताराने दक्षिणेत आला. चिमाजी अप्पांनी नोव्हेंबर १७२८ मध्ये नर्मदा ओलांडली आणि त्याच महिन्यात अमझेऱ्यास गिरधर बहादुराचा पाडाव केला. एप्रिल, मे, नोव्हेंबर : यांतील एकही महिना पुराचा नाही. राजकीय निर्णय दरबारात होत असले तरी त्यांची वेळ बऱ्याच अंशी नदी ठरवीत असे. १७३८ च्या दुराई सराईच्या तहात नर्मदा ते चंबळ हा मुलूख मराठ्यांना देण्याचे निजामाने मान्य केले, आणि उतार सीमेवरचा न राहता मराठी राज्याच्या अंतर्गत वाटेवरचा झाला. (बाजीराव मात्र २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठीच, रावेरखेडीस, निवर्तले.)

या सर्व हालचालींत सेनानींची नावे टिकली. नावाडी आणि वाटाडे यांची नावे बखरकारांना नोंदवावीशी वाटली नाहीत.

पुढे याच परिसरात खलघाटला आग्रा-मुंबई रस्त्यावर पूल झाला आणि ऋतूचे बंधन सुटले. इंदूरहून अमळनेरकडे येणारी महाराष्ट्र राज्य परिवहनची बस १८ जुलै २०२२ रोजी, ऐन पावसाळ्यात, याच ठिकाणी पुलावरून नर्मदेत कोसळली. त्यात किमान १२ जणांचा मृत्यू झाला.