पाठभेदांतून वंशावळ: विदर्भातील दुसरी लाट आणि विषाणूची 'पोथी'

१/ फेब्रुवारी २०२१. अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली; मार्चच्या मध्यास नागपूरही बंद झाले. त्या काळात विषाणूचा माग ज्या रीतीने काढला गेला, ती इतिहासाच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. #थ्रेड

२/ पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. ते १९६६ पर्यंत चालले. अनेक लिप्यांतील हस्तलिखिते श्लोकागणिक ताडून पाठभेद टिपले गेले. यामागचे सूत्र असे: ज्या पोथ्यांत समान चुका, त्या बहुधा एकाच प्रतीवरून उतरलेल्या.

३/ विषाणूही स्वतःची नक्कल करतो आणि नक्कल करताना चुकतो. करोना विषाणूची 'पोथी' केवळ चार अक्षरांत लिहिलेली आहे. जानेवारी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली वुहानची प्रत तुलनेसाठी आधारप्रत ठरली. तिची लांबी २९,९०३ अक्षरे.

४/ परंतु मध्येच काही अक्षरे गळाली, तर पुढचा सारा मजकूर सरकतो आणि सगळेच चुकीचे भासते. म्हणून गळालेल्या जागी रिकामे घर सोडावे लागते:

ना ग पू र न ग री
ना ग – – न ग री

यालाच सिक्वेन्स अलाइनमेंट म्हणतात.

५/ ते घर नेमके कोठे सोडावे? नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये गणिती रीत मांडली. जुळलेल्या अक्षराला गुण, न जुळलेल्या अक्षराला आणि रिकाम्या घराला दंड; सर्वाधिक गुणांची मांडणी ग्राह्य. आजची अनेक सॉफ्टवेअर याच विचारावर उभी आहेत.

६/ पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने महाराष्ट्रातील नमुने असेच ताडून पाहिले. स्पाइक प्रथिनात ४५२, ४८४ आणि ६८१ या स्थानांवर बदल आढळले. यांपैकी पहिले दोन बदल राज्यातील सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत असल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २४ मार्च २०२१ रोजी सांगितले. वृत्तपत्रांत 'डबल म्युटंट' हे नाव रूढ झाले.

७/ नाव फसवे होते. बदल दोनच नव्हते. शिवाय एका चुकीवरून वंश ठरत नाही. दोन लेखनिक परस्परांस न पाहताही एकच चूक करू शकतात. ४५२ स्थानचा तोच बदल कॅलिफोर्नियातील वेगळ्या शाखेतही उपजला होता. म्हणून चुकांचा संपूर्ण संच पाहावा लागतो.

८/ अशा संचांवरून बी.१.६१७ हे कुळ निश्चित झाले. ३१ मे २०२१ रोजी त्यातील दोन भावंडांना जागतिक आरोग्य संघटनेने कप्पा आणि डेल्टा ही नावे दिली. पुढे जगभर पसरलेल्या डेल्टात ४८४ स्थानचा तो गाजलेला बदल नव्हताच.

९/ मार्चच्या त्याच निवेदनात म्हटले होते की, रुग्णवाढीशी थेट संबंध जोडण्याइतक्या संख्येने हे बदल आढळलेले नाहीत. शास्त्रीयदृष्ट्या ही सावधगिरी रास्त होती. पण एप्रिल थांबला नाही.

१०/ पाठभेद नाते सांगतात, परिणाम सांगत नाहीत. त्यासाठी रुग्णांच्या नोंदी आणि प्रयोगशाळेतील पुरावा लागतो. साधन-चिकित्सेचा हा जुनाच धडा. विदर्भाने तो फार मोठी किंमत देऊन वाचला. (समाप्त)